उघाडीवरच्या खुणा

मसरुका खोटं बोलत नाही, हे मोरोबान्यूत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मापात मारणं नाही, गोड बोलून काढणं नाही, आणि तोंडाची इतकी सरळ की लग्नाच्या मांडवात नवरीला "जाड झालीस गं" म्हणून मोकळी व्हायची. अशा बाईच्या एका शब्दावर सत्तावीस घरं समुद्रात राहिली. समुद्रात म्हणजे अगदी समुद्रातच. भरतीला दारातून पाणी यायचं आणि ओहोटीला मागच्या दाराने जायचं. तिचा शब्द खोटा नव्हता, पण चुकीचा होता, आणि ज्यांनी तो ऐकला त्यांना या दोहोंतल्या फरकाचा काही उपयोग झाला नाही.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र आत शिरतो आहे, ही काय नवी बातमी नाही. पण मसरुका जन्मली तेव्हा मोरोबान्यूत भात पिकत होतं. घराच्या उंबऱ्यावरून समुद्र दिसत नसे, फक्त वारा सुटला की ऐकू यायचा. मधे तिवरांचं दाट रान होतं. मग कोळंबीला भाव आला आणि गावाला वेड लागलं. बापाने भाताच्या खाचरांत खारं पाणी घेतलं. अठराव्या वर्षी तिचं सुकाहारशी लग्न झालं, आणि नव्या नवरीने पहिलं काम केलं ते म्हणजे कोयता घेऊन नवऱ्याबरोबर तिवर तोडायला जाण्याचं. तिथे त्यांनी तळं खोदलं, भोवती बांध घातला, बांधात सिमेंटची उघाडी बसवली. पाणी आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, ते या उघाडीच्या फळ्या वर-खाली करून. पाच वर्षं सोनं पिकलं. सुकाहारने लाल मोटरसायकल घेतली आणि ती रोज धुतली. सहाव्या वर्षी कोळंबीच्या अंगावर पांढरे ठिपके आले आणि आठ दिवसांत तळंच्या तळं उताणं पडलं. पुढे बांदेंग मासे पाळून पोट भरलं, तोवर समुद्राला कळलं होतं की वाटेत आता कुणी उभं नाही.

"ज्यांनी त्याला थोपवायचं, त्यांना आम्हीच तोडलं," असं मसरुका सांगायची. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायची.

बांध एकामागून एक गेले. घरांत पाणी येऊ लागलं तशी माणसं जमिनी उचलू लागली. मातीचा भराव घालायचा, वर फळ्या टाकायच्या. छप्पर होतं तिथेच राहायचं. मसरुकाच्या घरात तीनदा भराव पडला आणि दारातून वाकूनच जावं लागू लागलं. सुकाहार छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा खांदेकऱ्यांना त्याला घेऊन जवळजवळ रांगत बाहेर यावं लागलं. मूलबाळ नव्हतं. एक धाकटा भाऊ होता, खुमैदी. आई लवकर गेल्यामुळे त्याला तिनेच वाढवलेला, म्हणून पन्नाशीला आला तरी काही ठरवायचं म्हटलं की "म्बाकला विचारतो" म्हणायचा. म्बाक म्हणजे थोरली बहीण, आणि त्याच्या तोंडी तो शब्द जवळजवळ आईसारखाच होता.

खुमैदीची बायको झुमरोतुन मात्र कुणाला विचारणारी नव्हती. ती आतल्या डोंगराकडची, भातशेतीतली. पंचवीस वर्षं मोरोबान्यूत काढली, पण पाण्याशी तिचं सूत काही जमलं नाही.

"काय तुमचं गाव, म्बाक! इथे कोंबड्यासुद्धा पोहायला शिकल्यात."

"तू पण शीक. तुझं वजन बघता बुडायची भीती नाही."

"माझ्या माहेरी या एकदा. पायाखाली जमीन कशी असते ते दाखवते. धरून चाला मात्र, सवय नाही तुम्हाला, पडाल."

नणंद-भावजयी अशा दिवसभर एकमेकींना टोचत राहायच्या आणि संध्याकाळी एकाच सुपात सुके मासे निवडायच्या. उपवासाचा महिना तोंडावर आला की सगळं गाव कबरस्तानात जायचं, तेव्हाही दोघी बरोबर असायच्या. इतर गावांत माणसं कबरी झाडतात, फुलं वाहतात. मोरोबान्यूत टोपल्या भरून चिखल नेतात. कबरीवर चिखल चढवायचा, लाकडी खूण उपटून वर रोवायची, नाहीतर वर्षभरात आपलं माणूस पाण्याखाली. झुमरोतुन सासूच्या कबरीवर चिखल थापता थापता म्हणायची, "या गावात मेल्यावरही माणसाला स्वस्थ पडू देत नाहीत, दरसाल मजला चढवतात."

मग विंदार्ती आली. किनारा वाचवायच्या एका प्रकल्पावर शहरातून आलेली, तिशीच्या आतली, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पहिल्याच दिवशी ते चिखलात रुतले. मसरुकाने तिला काखेत धरून उपटली, बूट तिथेच राहिले.

"बाई, इथे अनवाणी चालायचं असतं. चिखलाला बूट आवडतात, ठेवून घेतो तो."

विंदार्तीचं म्हणणं ऐकून गाव आधी हसलं. सरकारने दगडांची भिंत घातली होती ती लाटांनी दोन वर्षांत उलथवली, आणि ही म्हणत होती काटक्या लावा. बांबूच्या खुंटांच्या दोन रांगा रोवायच्या, मधे काट्याकुट्यांच्या मोळ्या दाबून बांधायच्या, असा लांबच लांब कूड. लाट त्यातून आत येते पण तिचा जोर मोडतो. पाणी आत शांत होतं आणि आणलेला चिखल तिथे टाकून जातं. चिखल पुरेसा वर आला की तिवराच्या बिया आपण होऊन येतात. झाडं लावायची नाहीत, झाडांना जागा करून द्यायची.

"समुद्राशी भांडायचं नाही, बुदे," विंदार्ती म्हणायची. वयाने मोठ्या बाईला तिकडे बुदे म्हणतात. "त्याने नेलेलं त्याच्याच हातून परत आणवायचं."

हे मसरुकाला पटलं. पण चिखल साठायचा तर कुडामागचं तळं मोकळं करायला हवं होतं, आणि ते तळं तिचं होतं. जे काही उरलं होतं ते तेवढंच. तिने आठ दिवस विचार केला आणि नवव्या दिवशी स्वतः फावडं घेऊन बांध फोडला. लोक बघायला जमले होते.

"रुका, समुद्राला जावई करून घेतेस की काय?" कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या जावयापेक्षा बरा. येताना काहीतरी घेऊन तरी येतो."

कूड उभा राहिला. विंदार्तीने कुडाच्या आत, उघाडीपासून वीसेक पावलांवर, एक लोखंडी पाईप ठोकवला. चार माणसं दोन दिवस ठोकत होती. एक तुकडा खाली गेला की त्यावर दुसरा जोडायचा, मग तिसरा, खालची कडक जमीन लागेपर्यंत. मग चिखलाच्या पातळीवर तिने पाईपाला लाल पट्टा रंगवला.

"बुदे, चिखल किती चढला ते या पाईपावरूनच मोजायचं. बाकी इथलं सगळं हलतं."

मसरुका दर अमावास्या-पौर्णिमेला मोजू लागली. पहिल्या वर्षी लाल पट्ट्याच्या वर चार बोटं चिखल चढला. तिवराचे कोंब आले. मसरुकाने ते मोजले नाहीत, नजर लागेल म्हणून. ज्या हातांनी रान तोडलं त्याच हातांनी ते परत येताना चाचपून बघण्याचा आनंद काय होता, ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्या वर्षी ती एकटीच हसताना दिसायची.

तिसऱ्या वर्षी विंदार्तीचा प्रकल्प संपला आणि ती गेली. त्याच पावसाळ्यात वादळात एक भला मोठा ओंडका वाहत आला, पाईपावर आदळला, आणि पाईप दिसेनासा झाला. आता मोजायचं कशावरून?

तळ्यावर आयुष्य काढलेल्या कुठल्याही माणसाने जे केलं असतं तेच मसरुकाने केलं. ती उघाडीकडे गेली. तळ्याचं पाणी किती, आज सोडायचं की उद्या, भरती कुठवर चढली, कोळंबीचं पिल्लू कधी टाकायचं, हे सगळं त्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या उघाडीवरून ठरतं. बांध ढासळतात, तळाला गाळ भरतो, घराची जमीन उचलावी लागते. उघाडी सिमेंटची, जाड, दोन माणसांच्या उंचीची. तिच्यावर अविश्वास दाखवायचं कुणाच्या मनातही येत नाही. मसरुकाने होडीच्या निळ्या रंगाने उघाडीच्या खांबावर चिखलाच्या पातळीची रेघ मारली आणि पुढे दर पंधरा दिवसांनी नवी रेघ मारत गेली. रेघा वर वर चढू लागल्या. वर्षभरात एक वीत आणि चार बोटं!

नेमक्या त्याच वर्षी सरकारने आत, मोठ्या रस्त्यापलीकडे, घरांसाठी जागा दिल्या. ज्यांना गाव सोडायचंय त्यांनी नावं द्यायची. सत्तावीस घरांनी नावं दिली, पण जायचं की राहायचं ते ठरेना. अंगण नसलेल्या जागेत जाळी कुठे वाळवायची, होडी कुठे बांधायची, समुद्र सोडून खायचं काय? मशिदीत बैठक बसली. वस्तीचा प्रमुख सरबिनी, ज्याला मानाने सगळे 'पाक' म्हणत, म्हणाला, "बुदे, तुम्ही सांगा. चिखल चढतोय का?"

"चढतोय. वर्षात वीत आणि चार बोटं."

"शपथेवर?"

"मी कधी बिनशपथेचं वेगळं बोलते का?"

बायकांच्या बाजूने झुमरोतुन उठली. "चिखल वर येतोय म्हणता, म्बाक, तर मग माझं घर का खाली जातंय? गेल्या ईदेला खिडकी कमरेला होती, आता गुडघ्याला आहे."

"घर जड असतं, झुम. जड वस्तू चिखलात बसते. जरा कळ काढ, चिखल घट्ट झाला की थांबेल."

लोकांनी माना डोलावल्या. हे बोलणाऱ्या बाईला त्या क्षणी सुचलं नाही की गावात घरांहून जड एक वस्तू आहे आणि ती रोज तिच्याच रेघा पाठीवर घेऊन उभी आहे. ही गोष्ट सांगताना या जागेवर मला दर वेळी तिचा राग येतो. पण त्या सत्तावीस घरांतलं एक माझं होतं, मीही त्या बैठकीत होतो आणि मीही मान डोलावली.

खुमैदीने बायकोकडे न बघता नाव मागे घेतलं. "म्बाक सांगतेय ना," एवढंच म्हणाला. उरलेल्यांनीही घेतलं. झुमरोतुन त्या दिवशी सुके मासे निवडायला आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, आणि येताना नेहमीसारखी म्हणाली, "सरका जरा, समुद्राच्या सासूबाई."

त्यानंतरची वर्षं कुडाच्या डागडुजीत गेली. लाकूड पोखरणाऱ्या अळ्या वर्षभरात खुंट चाळणी करून टाकतात. दर शुक्रवारी नमाजानंतर सगळे पुरुष आणि निम्म्या बायका छातीभर पाण्यात उतरायच्या, नव्या मोळ्या बांधायच्या. मसरुका पुढे. तिवर कमरेएवढे झाले, खेकडे आले, बगळे आले. बाहेरगावची माणसं बघायला येऊ लागली, आणि पाक सरबिनी त्यांना आधी उघाडीवरच्या रेघा दाखवायचा.

बैठकीनंतरच्या दुसऱ्या वर्षी झुमरोतुनला ताप भरला. आधी साधाच वाटला. तिसऱ्या दिवशी ती माणसं ओळखेना. दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडे. खुमैदी तिला उचलून बाहेर आला तेव्हा भरतीने गावातली वाट बुडालेली, वर वारा असा की होडी काढता येईना. पाणी उतरायची वाट पाहिली, तर ते असं उतरलं की होडी चिखलात रुतली. पाचजणांनी ढकलली. मसरुका मांडीवर भावजयीचं डोकं घेऊन होडीत बसली होती. अर्ध्या वाटेवर तिने ढकलणाऱ्यांना थांबायला सांगितलं. खुमैदी ऐकेना, तो तसाच ढकलत राहिला, अगदी रस्ता लागेपर्यंत.

तिला सासूशेजारी पुरली. खुमैदी त्या वेळी बहिणीला एका शब्दानेही बोलला नाही. चिखल चढत होता, गाव वाचणार होतं, म्हणजे झुमरोतुनचं जाणं हे नशीब होतं. तसं धरूनच दोघं जगत होती.

सोळा घरांनी हळूहळू आपापली वाट धरली. कुणी शहरात खोली घेतली, कुणी सासुरवाडीला गेलं. अकरा उरली. चौथ्या वर्षी सरकारने दुसरी आणि शेवटची यादी काढली. जागा अकराच, नावं द्यायची मुदत गुरुवारपर्यंत. आदल्या शुक्रवारी कूड बांधताना पाक सरबिनीने विचारलं, तेव्हा मसरुका म्हणाली होती, "कशाला जायचं? रेघा बघा."

पण तिवरांची पानं पिवळी पडत होती. कीड असेल, असं ती स्वतःला समजावत होती.

मंगळवारी दुपारी विंदार्ती आली. कामासाठी नाही, लग्नाचं आमंत्रण द्यायला. अनवाणी आली, हे बघून मसरुका खूश झाली. दोघी ओहोटीच्या पाण्यातून कुडात गेल्या. विंदार्ती झाडांकडे बघत राहिली, मग खाली वाकली.

"बुदे, यांची मुळं बाहेर कधी येतात?"

"कसली बाहेर? अमावास्येला येतात थोडी."

"रोज यायला हवीत. दिवसातून दोनदा. ही झाडं मुळांनी श्वास घेतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत." ती सरळ झाली. "पाईप काय म्हणतो?"

"पाईप कुठला? तो वादळात गेला, तू गेलीस त्याच वर्षी. उघाडीवरून मोजते मी."

विंदार्ती उघाडीकडे बघत होती, मसरुका तिच्याकडे. मग विंदार्ती पाण्यात चालू लागली, पाय घासत, चाचपत. पाव तासाने थांबली.

"इथे आहे."

पाईप गेलेला नव्हता. ओंडक्याने तो वरून कमरेत वाकवला होता, वाकलेला भाग मोळ्यांच्या खाली गेला होता, आणि उभा राहिलेला तुकडा शिंपल्यांनी असा मढला होता की कुणालाही जुना खुंट वाटावा. मसरुकाने कोयत्याने शिंपले खरवडले. लाल पट्टा निघाला. पहिल्या दिवशीच्या चिखलाची पातळी.

तो चिखलाच्या वर होता. मसरुकाने हात लावून मोजलं. पट्ट्यापासून खाली चिखलापर्यंत एक वीत. इतकी वर्षं, इतके शुक्रवार, आणि चिखल सुरू केला होता त्याहून एक वीत खाली!

तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने उघाडीकडे पाहिलं. तिच्यावरची आडवी तुळई, जिला सुकाहार हात उंच करून कंदील टांगायचा, ती आता तिच्या छातीशी होती. हे ती रोज बघत होती. चिखल वर आला म्हणून तुळई जवळ आली, असं तिने धरलं होतं.

"उघाडी बसली," ती म्हणाली.

"सगळंच बसतंय, बुदे. कूड चिखल आणतोय, खरंच आणतोय. पण जमीन त्याहून जोरात खाली जातेय. शहरातले कारखाने खोल विहिरींनी खालचं पाणी ओढतात, गावोगावचे पंपही ओढतात. उघाडी जड, ती सगळ्यांच्या आधी गेली."

गावोगावच्या पंपांत मोरोबान्यूचाही एक होताच. मशिदीमागे, दीडशे हात खोल. त्याच पाण्यावर आम्ही भात शिजवला, त्याच पाण्याने हात-पाय धुऊन कुडासाठी दुवा मागितली. वरून एक एक काटकी रचायची आणि खालून पोकळ करायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं, आणि खालचं कुणाला दिसत नाही म्हणून त्याबद्दल कुणी बैठक घेतली नाही.

विंदार्ती रडायला लागली. "तुमची चूक नाही. प्रकल्प संपला तरी आम्ही येऊन पाईप बघायला हवा होता."

"चूक कुणाची ते नंतर बघू," मसरुका म्हणाली. "यादी परवा बंद होते."

बुधवारी दुपारच्या नमाजानंतर तिने सगळ्यांना थांबवलं. अकरा घरांची माणसं. ती उभी राहिली आणि जे पाहिलं ते सांगितलं. कमी नाही, जास्त नाही, पाईप, पट्टा, वीत.

"मी चार वर्षं तुम्हाला चुकीचं सांगितलं. उद्या सगळ्यांनी नावं द्या."

पाक सरबिनी मान खाली घालून म्हणाला, "बुदे, आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. रोज पाण्यातूनच चालतो आम्ही. पाणी कुठवर येतं ते पायाला कळतंच की. पण जायचं नव्हतं. तुम्ही म्हणत होता ते बरं वाटत होतं."

दोघातिघांनी हुंकार भरला. मसरुकाच्या अंगातला ताण क्षणभर सैल झाला.

"मला माहीत नव्हतं," मागून खुमैदी म्हणाला.

सगळे वळले. तो भिंतीला टेकून बसला होता, हात गुडघ्यांवर.

"पाक सरबिनींना पाण्याने सांगितलं असेल. मी पायांकडे बघितलंच नाही. म्बाक म्हणाली म्हटल्यावर कशाला बघू? झुम रोज सांगायची. रोज. खिडकी दाखवायची मला. मी तिला म्हटलं, गप बस, तुला समुद्रातलं काय कळतं."

"खुमैदी..."

"जाऊ दे म्बाक. तू खोटं बोलली नाहीस, मला ठाऊक आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. तुझा राग तरी करता आला असता."

तो उठला, वाकून दारातून बाहेर गेला.

गुरुवारी अकराही नावं लागली. पुढच्या महिन्यात घरं सुटू लागली. लाकडी घर तिकडे मोडत नाहीत, खिळे न मोडता सोडवतात, खांब आणि फळ्या तराफ्यावर घालतात आणि सगळ्या वस्तीने मिळून ओढत नेतात. रोज एक घर. आज याचं, उद्या त्याचं, आणि ज्याचं घर निघतं तो सगळ्यांना गोड चहा आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे देतो. एरवी अशा कामात थट्टा-मस्करी चालते. या वेळी सगळे नुसतेच ओढत होते. मसरुकाही प्रत्येक घराला हात लावायला गेली. तिचं घर शेवटचं ठरलं होतं, खुमैदीचं त्याच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी खुमैदीचा तराफा भरून झाला तरी तो कुठे दिसेना. मसरुकाने ओळखलं आणि ती कबरस्तानात गेली. तो झुमरोतुनच्या कबरीशी गुडघाभर पाण्यात उभा होता. उपवासाच्या महिन्याआधी चढवलेला चिखल निम्मा वाहून गेला होता, लाकडी खूण कलली होती. तो ती सरळ करत होता आणि ती पुन्हा कलत होती.

"हिला नेता येईल का, विचारलं मी," तो बहिणीकडे न बघता म्हणाला. "मौलवी म्हणतात नेता येतं. पण तिकडे कबरस्तानाची जागाच अजून ठरलेली नाही. ठरेल म्हणतात, वर्षा-दोन वर्षांत. तोवर ही राहील का?"

मसरुकाने पाण्याकडे पाहिलं, खुणेकडे पाहिलं. मोजून सांगायची तिला सवय होती आणि उत्तर तिला येत होतं.

"असंच सोडलं तर नाही राहायची. येत्या उधाणांत जाईल."

खुमैदीने मान हलवली. या वेळीही त्याने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. खूण पुन्हा एकदा सरळ केली, हात धुतले आणि तराफ्याकडे गेला. ओरडून सांगण्याइतका लांब गेला तरी ओरडला नाही, आणि तिनेही त्याला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक सरबिनी माणसं घेऊन तिच्या दारात आला. ती फावडं आणि टोपली घेऊन बाहेर पडत होती.

"बुदे, कुठे? तुमचं घर सोडवायला आलोय आम्ही."

"माझं नको सोडवू. माझं नाव काढ यादीतून."

"असं काय करता? गाव राहत नाही हे तुम्हीच सांगितलंत ना आम्हाला?"

"सांगितलं. खरं तेच सांगितलं."

"मग?"

"दर उधाणाला झुमच्या कबरीवर चिखल घालावा लागेल. कुडात आहे अजून चिखल, पुरेल एकटीला." तिने टोपली दुसऱ्या कडेवर घेतली. "तिला जायचं होतं, सरबिनी. इथे मी ठेवून घेतली तिला. आता तिला पाण्यात टाकून मी रस्त्यापलीकडे राहायला जाऊ?"

सरबिनी आणि माणसं रिकामा तराफा घेऊन परत फिरली, आणि मसरुका पाण्यात उतरून कबरस्तानाकडे चालू लागली.